बांधाने मोजलेलं अंतर

आमच्याकडे उभ्या पिकातून कुणी चालत नाही. स्वतःच्याही नाही, दुसऱ्याच्या तर नाहीच नाही. शेजारच्या रानात माणूस समोर दिसत असतो, त्याचं खोकणंसुद्धा ऐकू येतं, पण त्याच्यापाशी जायचं म्हणजे आधी आपल्या बांधाने वर जायचं आणि मग आडव्या बांधाने पलीकडे. लहानपणी कांद्यात पाय पडला की आई म्हणायची, "परत पाय टाकलास तर तंगडं मोडीन." त्यामुळे एखादी जागा किती लांब आहे, याचं उत्तर आमच्या पायांतच ठरलेलं असे. इतकं वर, इतकं आडवं, दोन्हीची बेरीज.

हे आधी सांगते, कारण पुढची चूक याच सवयीने झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, गणित घेऊन. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव पिंपरी पेंढारच्या जवळ आणि कॉलेज जुन्नरला. रोज एस.टी.ने जायचं, बहुतेक वेळा उभ्याने. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली आणि पदवी घेतलेलीही मीच पहिली. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ती पदवी कुणी ताटात वाढून दिली नव्हती.

घरात शिकलेलं माणूस एकच असलं की प्रत्येक कागद त्याच्यापुढे येतो. रेशनकार्डाचा अर्ज, लाइट बिलाची तक्रार, चुलत्यांच्या मुलाचा शाळेचा दाखला, सगळं माझ्याकडे. वडील, म्हणजे आमचे दादा, चौथीपर्यंत शिकलेले. आपल्याला सही येते एवढं ते अभिमानाने सांगत, पण अर्ज भरायचा म्हटलं की पेन माझ्या हातात देत आणि शेजारी मांडी घालून बसत, जणू मी काही शस्त्रक्रिया करणार आहे.

त्या वर्षी अर्ज होता बोअरचा. आमची विहीर भाऊबंदांच्या सामाईक मालकीची. आमची पाळी आठ दिवसांनी यायची, आणि आली की नेमकी लाइट जायची. दादांना स्वतःचं पाणी हवं होतं. तीन एकर रान, त्यातल्या दोन एकरांत तरी बारमाही काहीतरी उभं करायचं, हे त्यांनी माझ्या लहानपणापासून डोक्यात घेतलं होतं. त्यासाठी घोडेगावकडून एक पाणाड्या आणला. म्हातारा, पांढरं धोतर, बोलायला कमी. हातात कडुलिंबाची दुबेळकी काठी धरून तो रानभर हिंडला आणि एका जागी काठी खाली वळली. तिथे त्याने गुळगुळीत काळा दगड ठेवला.

"हितं घ्या. दीडशे फुटाच्या आत. तीन इंची पाणी हाय," तो म्हणाला.

"आन् न्हाई लागलं तर?" आमचे थोरले चुलते म्हणाले. त्यांना असं बोलायची सवयच होती.

"न्हाई लागलं तर काठी माजी, डोस्कं तुमचं," पाणाड्या म्हणाला आणि चहा प्यायला बसला.

दादांनी त्याच आठवड्यात ओझरच्या गणपतीला जाऊन नारळ वाढवला, त्यातली अर्धी वाटी आणून दगडापाशी ठेवली. जागा ठरली.

अर्जात एक रकाना होता : सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासूनचं अंतर. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं होतं की ते पाचशे मीटरच्या वर पाहिजे, आत असेल तर परवानगी नाही. गावाची पिण्याची विहीर खाली ओढ्याच्या कडेला. दादांनी गवंड्याकडून पन्नास मीटरची टेप आणली आणि मी व ते मोजायला निघालो. विहिरीपासून पाणंदीच्या गाडीवाटेने सरळ पूर्वेला पाण्याच्या मोरीपर्यंत चारशे मीटर. मोरीपाशी काटकोनात वळून बांधाने उत्तरेला, दगडापर्यंत, दोनशे सत्तर.

"किती झालं?" दादांनी विचारलं.

"सहाशे सत्तर."

"मग लई झालं की. लिही."

मी लिहिलं. ६७० मीटर. सुवाच्य अक्षरात, खाली दादांची सही. सोमवारी दादा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन आले. शुक्रवारी तालुक्याहून एक माणूस जागा बघायला येणार होता. त्याने होकार दिला की रविवारी बोअरची गाडी. गाडीचा नंबर महिनाभर आधी लावलेला होता.

मंगळवारी कॉलेजात निर्देशक भूमितीचा तास होता. सरांनी फळ्यावर दोन अक्ष काढले, मधे आरंभबिंदू. म्हणाले, आज आकृती सरकवायची. सगळे बिंदू तीनने उजवीकडे, दोनने वर. बिंदू सरकले तरी त्यांच्यातली अंतरं बदलत नाहीत, हे सिद्ध करा. सिद्ध करायला अंतराचं सूत्र लागतं. आडव्या फरकाचा वर्ग, उभ्या फरकाचा वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. ते मला अकरावीपासून पाठ होतं. मी वहीत लिहीत होते आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला.

आरंभबिंदू म्हणजे विहीर. चारशे आडवे, दोनशे सत्तर वर.

मी तासभर फळ्याकडे बघितलं नाही. वहीच्या मागच्या पानावर मांडलं. एक लाख साठ हजार अधिक बहात्तर हजार नऊशे. दोन लाख बत्तीस हजार नऊशे. वर्गमूळ चारशे ब्याऐंशी आणि त्र्याऐंशीच्या मधे. पुन्हा मांडलं. तेच. सहाशे सत्तर नाही, चारशे ब्याऐंशी. पाचशेच्या आत.

गणितात मला कधी शहाऐंशीच्या खाली गुण नव्हते. तरी मी सरकारी अर्जात बांधाने चाललेलं अंतर लिहिलं होतं. टेप धरून दादांच्या मागे चालताना एकदाही मनात आलं नाही की मधून सरळ जाता येतं. मधे लोकांचे कांदे होते ना.

एस.टी.त त्या दिवशी जागा मिळाली, तरी मला बसल्याचं कळलं नाही. घरी गेले तर दादा आईला सांगत होते, कुठल्या ओळीने पाइप टाकायचा ते. मी काही बोलले नाही. बुधवारीही नाही. दोन दिवस भाकरी खाली जाईना.

बोलायचं कसं? एक तर मीच खोटं लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, आणि सही दादांची. दुसरं म्हणजे बोलले तर तो दगड हलवावा लागणार. तीन इंची पाणी असलेला दगड, ज्याच्यापाशी ओझरचा नारळ ठेवलेला. आणि नाही बोलले, तर शुक्रवारी तो माणूस येईल, सरळ मोजेल आणि सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणेल की हे अंतर कुणी लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी आईच म्हणाली, "ही पोरगी दोन दिस झाले जेवंना. काय झालंय गं? कॉलेजात कुणी काय बोललं का?"

"दादा, अर्जातलं अंतर चुकलंय," मी म्हणाले. "पाचशेच्या आत येतंय."

"आत कसं यील? आपुन दोघांनी मोजलंय."

"आपण बांधाने मोजलं. सरळ मोजायचं असतं."

"सरळ म्हंजी?"

"पिकातून."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय. "पिकातनं कोण मोजतंय, बाय?"

मी त्यांना खळ्यात नेलं. खळं नुकतंच सारवलेलं, मोकळं. एका कोपऱ्यात मी उभी राहिले आणि त्यांना म्हणाले, भिंतीच्या कडेने आठ पावलं चला. ते चालले. आता काटकोनात वळून सहा. चालले. चौदा. "आता माझ्याकडे सरळ या." ते आले. दहा पावलं झाली. त्यांनी परत मागे जाऊन मोजलं. दहा. तिसऱ्यांदा मोजताना पावलं मुद्दाम लहान टाकत होते, ते मला दिसलं. तरी अकराच्या वर जाईना.

ते खळ्याच्या कडेला बसले. मला वाटलं ते म्हणतील, राहू दे, कुणाला कळतंय. मला मनातून तेच हवं होतं, हे आज कबूल करते.

"कितीनं कमी पडतंय?" त्यांनी विचारलं.

"सतरा-अठरा मीटर."

"मग अठरा मीटर वर घिऊ. उत्तरंला."

मी काडीने जमिनीवर मांडलं. चारशे आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी. वर्गमूळ चारशे त्र्याण्णवच्याही आत. "नाही पुरत, दादा. अठरा वर सरकलं तर अंतर दहानेच वाढतंय."

"आगं, अठरा चाललो तर अठरा वाढंल ना?"

"सरळ रेषेत मागे गेलं तर वाढेल. आपण तिरके जातोय."

"तुजं गणित लई वाकडं हाय," ते म्हणाले. पण उठले नाहीत.

शेवटी दोन्हीकडे सरकायचं ठरलं. वीस मीटर पूर्वेला, दहा उत्तरेला. चारशे वीस आणि दोनशे ऐंशी. मी तीनदा केलं. पाचशे चारच्या वर, पाचशे पाचच्या आत. टेप ढिली धरली गेली असेल तर, म्हणून चार मीटर जास्त ठेवले. त्याहून जास्त ठेवायला रानच उरत नव्हतं, पलीकडे चुलत्यांचा बांध. आणि तो कोपरा मुरमाड. तिथे गवतसुद्धा पिवळं उगवायचं.

"दादा, तुम्ही ठरवा," मी म्हणाले. "पाणी लागेल का नाही, ते मला सांगता यायचं नाही."

"पानी कुनालाच सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "पन ती हीर गावाच्या प्यायच्या पान्याची हाय. उद्या आटली तर गाव माज्या दारात यील. तवा मी काय सांगू, पोरीनं बांधानं मोजलं व्हतं?"

सकाळी उजाडताच भाऊसाहेबांच्या घरी जाऊन मी अर्ज बदलून दिला. रकान्यात दोन्ही लिहिलं : पाणंद व बांधाने ७०० मीटर, सरळ ५०४ मीटर.

दुपारी तालुक्याचा माणूस आला. मोटारसायकलवरून, डोक्याला रुमाल. चुलते, त्यांची मुलं, दोन-चार शेजारी असे सगळे जमले. त्याने अर्ज वाचला आणि विचारलं, "हे सरळ म्हणजे काय लिहिलंय?"

"विहिरीपासून सरळ रेषेतलं अंतर, साहेब," मी म्हणाले.

"ते कोण मोजणार? मी कांद्यातून जाऊ का? बायामाणसं खुरपं घेऊन मागं लागतील." सगळे हसले. मग त्याने पाणंदीने टेप लावली, मोरीपाशी वळला, बांधाने वर आला आणि वरून वीस मीटर आडवा. "सातशे. लिहिलंय तसंच आहे. बास." सही केली, चहा घेतला, गेला.

मी दादांकडे बघितलं नाही. मला माहीत होतं ते कशाचा हिशोब करत असतील. चुलत्यांनी तो मोठ्याने केला.

"म्हंजी दगडापाशी बी सहाशे सत्तर भरलंच असतं की. मग हलवलं कशापायी?"

आई घमेलं उचलून घरात गेली.

रविवारी गाडी आली. धडाडधूम सुरू झालं. पन्नास फुटांना मुरूम, शंभराला काळा खडक, दीडशेला पांढरा धुरळा. दीडशे फुटांना दादा एकदा त्या जुन्या दगडाकडे बघून आले. तो तिथेच होता, बावीस मीटरांवर. दोनशेला धुरळाच. गाडीवाला रॉड जोडता जोडता म्हणाला, "भाऊ, अजून जायचं का?" दादांनी नुसता हात हलवला. मी खोपीच्या मागे जाऊन उभी राहिले. मला वाटत होतं की हे भोक मीच पाडतेय. वर्गमूळ काढून.

"पान्याला सांगितलंस का गं, वीस मीटर सरक म्हणून?" चुलते खोपीच्या कडेने येऊन म्हणाले. चेष्टाच होती. पण मी त्यांच्याशी पुढे सहा महिने बोलले नाही.

दोनशे तीसला धुरळा ओला झाला. दोनशे साठला पाणी आलं. दीड इंची. पाणाड्याने सांगितलं होतं त्याच्या निम्मं.

दीड इंचात एक एकर डाळिंब झालं, दुसरं एकर कधी झालं नाही. दादांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण तो काळा दगड त्यांनी हलवला नाही. नांगर फिरताना त्याला वळसा घालून जात. दर वर्षी तिथे वीतभर जमीन पडीक राहायची, आणि बांधावरून जाताना माझी नजर आधी तिथेच जायची. तिथे खरंच तीन इंची होतं का? मी पदवी घेतली, पहिल्या वर्गात. दादांनी गावात पेढे वाटले. ते घ्यायला आलेल्यांतल्या एकाने तरी विचारलंच, "आता बोअर कुठं घ्यायचा, ताई?"

तीन-चार वर्षांनी पाऊस दोनदा लागोपाठ हुकला. मी तेव्हा शाळेवर शिकवत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. गावाची विहीर तळाला गेली. टँकर दोन दिवसांनी यायचा. मग पारावर बोलणं सुरू झालं की आसपासच्या बोअरांनी पाणी ओढलं. नावं घेतली जाऊ लागली. त्यात आमचं पहिलं, कारण आमचं डाळिंब अजून हिरवं होतं.

एका सकाळी सरपंच आणि दहा-बारा माणसं आमच्या अंगणात आली. मागे चार बायका, कळश्या घेऊनच. सरपंच म्हणाले, "राग मानू नका. पन पाचशेच्या आत जेवढे बोअर हायेत तेवढे दोन महिने बंद ठेवायचे, असं ठरलंय. तुमचा बी मोजायचा."

"कागदावर सातशे हाय की," चुलते म्हणाले. यावेळी ते आमच्या बाजूने होते.

"कागद राहू द्या, राव," मागून एक जण म्हणाला. "समोर दिसतोय बोअर विहिरीवरनं. सातशे म्हनं."

चार मीटर. एवढंच होतं आमच्या हातात. पाणंद खरंच सरळ होती का, मोरीपाशी खरंच काटकोन होता का, हे मी गवंड्याच्या काटकोनी गुण्याने तपासलं होतं. पण गुण्या हातभर लांब असतो आणि बांध दोनशे ऐंशी मीटर. काटकोन जरा मिटलेला असेल तर चार मीटर कुठल्या कुठे जातील. तेव्हा हे मला सुचलं नव्हतं. पुढे शिकवायला लागल्यावर सुचलं होतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

दादा घरात गेले आणि टेप घेऊन बाहेर आले. स्वतःची घेतली होती त्यांनी मधल्या काळात. म्हणाले, "कागद बी नको आन् बांध बी नको. हिरीपासनं सरळ मोजा. रान मोकळंच हाय."

खरंच होतं. त्या साली कुणाच्या रानात काही उभं नव्हतं. विहिरीच्या काठावरून आमच्या डाळिंबापर्यंत नुसती ढेकळं. जी रेष मी वहीच्या मागच्या पानावर काढली होती, तिच्यावरून पहिल्यांदाच चालता येणार होतं.

टेपचं एक टोक सरपंचांनी धरलं, दुसरं दादांनी. पन्नास झाले की खुंटी ठोकायची. पहिली खुंटी, दुसरी. मी मागून चालत होते. पायाखाली ढेकळं फुटत होती आणि मला सारखं वाटत होतं की कुणीतरी ओरडेल, पिकात पाय पडला म्हणून. पाचव्या खुंटीला दादांनी घाम पुसला. आठवीला बोअरचा पाइप जवळ दिसायला लागला, माझ्या मते फारच जवळ. नवव्या खुंटीपाशी आमचा बांध लागला. बांध ओलांडून दादा डाळिंबाच्या दोन ओळींमधून आत शिरले, टेप ताणून धरली, आणि सरपंचांनी मागून हाक दिली, "पन्नास."

दहावी खुंटी ठोकली. पाचशे.

पाइप खुंटीच्या पुढे होता. दादांनी टेपचं टोक तिथपर्यंत नेलं, वाकून आकडा बघितला आणि मला खुणेने बोलावलं. "तूच वाच. मला बारीक दिसत न्हाई."

"दोन मीटर साठ," मी वाचलं. पाचशे चार नव्हते. काटकोन थोडा मिटलेलाच होता.

सरपंचांनी येऊन स्वतः बघितलं. मग मागच्या माणसांनी बघितलं. एक बाई म्हणाली, "म्हंजी भाईर हाय?" "भाईर हाय," सरपंच म्हणाले. लोक पुढच्या रानाकडे निघाले, दुसऱ्याचा बोअर मोजायला. ती बाई कळशी घेऊन तिथेच थांबली. दादांनी मोटर चालू केली आणि तिची कळशी भरून दिली. मग बाकीच्या तिघींच्या. त्या उन्हाळ्यात रोज सकाळी तासभर डाळिंबाचं पाणी बंद करून कळश्या भरल्या जायच्या. ते कुणी सांगितलं नव्हतं.

सगळे गेल्यावर दादांनी टेप गुंडाळली. "दगडापाशी घेतला असता तर?" त्यांनी विचारलं.

"वीस मीटर कमी पडले असते."

त्यांनी मान हलवली आणि घराकडे निघाले. समोर मोकळं रान होतं, घर सरळ समोर दिसत होतं. ते बांधावर चढले, बांधाने खाली मोरीपर्यंत गेले, तिथे वळले आणि पाणंदीने घरी आले. मीही त्यांच्या मागून तशीच आले.